बाभळीचा बाक

मामांनी कागदावर अंगठा टेकवला. "हितं मोडणार."

अंगठ्याला चपड्याचं पॉलिश लागलेलं होतं. कागदावर तपकिरी ठसा उमटला, तोही नेमका जिथं खुर्चीचा मागचा पाय वर चढत चढत वळून हात होतो तिथं. त्या एका वळणासाठी मी चार रात्री जागले होते. बैठक, पाठ, पुढचे पाय हे सगळं त्या वळणाच्या मागून आपोआप आलं होतं. मामांनी बाकीच्या चित्राकडे पाहिलंही नाही.

सोलापुरात तुळजापूर वेशीजवळ मामांचं दुकान आहे. दुकान म्हणजे पत्र्याची शेड, आत भुश्शाचा ढीग आणि भिंतीला टेकवून ठेवलेल्या फळ्या. एप्रिलचा दुसरा आठवडा, बाहेर 42 अंश. मामा जमिनीवर बसून काम करतात. फळीचं एक टोक डाव्या पायाच्या अंगठ्यानं दाबून धरायचं, म्हणजे पटाशीला दोन्ही हात मोकळे. लोखंडी शिकंजा दुकानात आहे, पण तो हाताखालच्या पोरांसाठी. आयुष्यभर माणसानं खुर्च्या केल्या. एखाद्या खुर्चीवर ते निवांत टेकलेले मात्र मला आठवत नाहीत.

"का मोडणार?" मी विचारलं.

"कडब्याची पेंढी बघितलीस नव्हं? लाकूड म्हंजे तसंच. ताटं उभी हायत तवर तिला काय होत न्हाई. तू काय करायलीस, सरळ फळीतनं वाकडा तुकडा कापायलीस. वळणावर ताटं आडवी आली. बोटभर बोटभर तुकडे उरले. त्यास्नी एकमेकाला धरून ठेवणारं काय हाय? एखादा अंगानं भरलेला पाव्हणा हातावर रेलला, की कट्."

"वेल आहे मामा ती. जमिनीतून निघते, वर चढते, वळते, आणि टोकाला कळी."

"वेल उभी कशावर ऱ्हाती? मांडवावर. तुझा मांडव कुठाय?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणून मी इतिहास सांगायला लागले. शिकलेल्या माणसाची ही जुनी खोड आहे.

1895 च्या डिसेंबरात पॅरिसमध्ये झीगफ्रीड बिंग नावाच्या व्यापाऱ्यानं एक दुकान उघडलं. दुकानाचं नाव 'आर्ट नुव्हो', म्हणजे नवी कला. आणि ते नाव एका अख्ख्या शैलीला चिकटलं. जुन्या राजवाड्यांच्या नक्षीची नक्कल करकरून कंटाळलेल्या लोकांनी वेली, देठ, पाण्यातली कमळं, चतुर, पतंग असं सगळं घरात आणलं, आणि ते एका लांब, सळसळत्या रेषेत बांधलं. चाबूक उडवल्यावर वादीला जो हेलकावा येतो तशी ती रेषा. तिला नावही चाबकाच्या फटकाऱ्यावरूनच पडलं. पॅरिसच्या भुयारी रेल्वेची प्रवेशद्वारं हेक्तर गिमारनं 1900 च्या सुमाराला केली, तीही अशीच, झाडासारखी उगवलेली. मी मोबाइलवर फोटो दाखवला.

"लोखंड हाय काय हे?"

"हो. ओतीव."

"मग बरोबर हाय. ओतिवाला नस नसती. साच्यात जसं वतशील तसं. लाकूड कुणी वतलं का आजवर?"

मी पुढचा फोटो काढला. नान्सी गावच्या एमिल गालेचा पलंग, 1904 सालचा. उशाशी आणि पायथ्याशी पंख पसरलेले भले मोठे पतंग. पंखांत वेगवेगळ्या लाकडांचे आणि शिंपल्याच्या चकाकत्या अस्तराचे तुकडे बसवलेले. गालेचं हे शेवटचं मोठं काम. त्याच साली तो गेला. मामांनी फोटो दोन बोटांनी मोठा केला, पतंग बाजूला सारला आणि पलंगाचा कोपरा शोधला. पाय आणि आडवी पट्टी जिथं भेटतात तो कोपरा. बराच वेळ बघितलं.

"सुतार भारी हाय. पर पलंगावर पतंग? दिवा लागला की त्याचं काय होतंय म्हाईत हाय की."

मग इटलीच्या कार्लो बुगात्तीची कोब्रा खुर्ची. 1902 साली तुरिनच्या प्रदर्शनात तिनं लोकांना थक्क केलं होतं. बैठक, पाठ आणि पाय यांची एकच वेटोळी रेषा. आत लाकूड, वरून कातडं ताणून चिकटवलेलं आणि त्यावर रंगकाम. सांधा कुठं आहे ते कळतच नाही. मला वाटलं, इथं तरी मामा गप्प होतील.

"सांधा झाकला म्हंजे सांधा दाखवण्यागत नव्हता," मामा म्हणाले. "आन् नागावर बसायचं तर नागपंचमीला काय करायचं? उभं ऱ्हायचं?"

आतून मामी हसल्या.

मामांच्या दुकानात कोपऱ्यात एक सुरूचा खांब आडवा पडलेला असतो. शहरातला कुठला तरी वाडा पाडला तेव्हा मामांनी तो जळाऊ लाकडाच्या भावात उचलला. खाली कमळाच्या पाकळ्या, वर निमुळता होत गेलेला, अंगभर पानांच्या ओळी. पुण्याच्या विश्रामबागवाड्यासमोर उभं राहिलं की दिसतात ते याच्याच घराण्यातले. मामांनी त्या खांबावर थाप मारली.

"तुला वेलबुट्टीच पायजे तर आपल्यात काय कमी हाय? हा घे सुरू. महिरप घे. केळफूल घे. पॅरिसला कशाला जायलीस?"

"सुरू आपला आहे का मामा? सोलापुरात सुरूचं झाड दाखवा मला. ही नक्षी मोगलांकडून आली. महिरपही तिकडचीच. आणि खुर्ची? शब्दच अरबी. अलमारी पोर्तुगीजांची. गोव्यात तर खुर्चीला अजून कदेल म्हणतात, तेही पोर्तुगीजच. आपलं म्हणावं असं काय, तर पाट, चौरंग, जाजम आणि लोड. तुमच्या आजोबांच्या घरात खुर्ची होती का?"

"एक व्हती. मामलेदार आला तर बसवायला."

"मग? तीसुद्धा उसनीच. मी थोडं लांबून उसनं आणते, एवढंच."

मला वाटलं, हा डाव मी जिंकला. मामांनी पटाशी खाली ठेवली.

"उसनं कुठनं आणलं ते मी इचारलंच न्हाई. कुठं बसवलं ते बघ. हा खांब. खाली दगडाचं उथळं, वर तुळई. भार सरळ वरनं खाली, नसांच्या उभ्या अंगानं. पानं कोरलीत ती किती खोल? अर्धा बोट. आत गाभा शाबूत. आता केळफूल. ते कुठं असतंय? लोंबतंय. त्याच्यावर कशाचाच भार न्हाई, म्हणून त्याला पायजे तेवढं कोरून पोकळ केलं. भार एकीकडं, नक्षी एकीकडं. ज्यानं केलं त्याला कळत व्हतं."

खरं तर मला इथं गंमत वाटली. मामा जे सांगत होते तेच या शैलीच्या पहिल्या खुर्चीत आहे. आर्थर मॅकमर्डो या इंग्रजानं 1882-83 च्या सुमाराला एक महोगनीची खुर्ची आखली. तिच्या पाठीच्या फळीत जाळीकाम आहे, वाऱ्यावर झुलणाऱ्या पाना-फुलांचं, ज्वाळांसारखं. आर्ट नुव्होची सुरुवात पुष्कळ जण तिच्यापासून मोजतात. पण पाठ झाकली तर खाली उरते ती साधी, सरळ पायांची, कुठल्याही जेवणघरातली खुर्ची. मी ती दाखवली. मामांनी मान डोलावली. त्या दिवशी पास झालेला हा एकच गोरा.

"पण मामा, पुढच्यांना हेच नको होतं. भार एकीकडं आणि नक्षी एकीकडं, हीच फारकत त्यांना मोडायची होती. जो पाय भार घेतो तोच दिसायलाही सुंदर असावा. वरून चिकटवलेलं काही नको. नक्षी खरवडून काढली तर खुर्चीच उरू नये, अशी खुर्ची."

"आशी खुर्ची कोण बसायला मागतंय?"

"बसायलाच मागतात. पुण्याच्या एका बाईंनी मागितलीय. आगाऊ पैसे दिलेत."

पैशांचा विषय निघाला की मामा रंधा मारायला घेतात. मारला थोडा वेळ.

इथं मला जरा थांबून स्वतःबद्दल सांगायला हवं. मी या शहरात वाढले ते चादरी बघत. सोलापुरी चादरीवरचा मोर किंवा फूल जवळून बघा. त्यात वळण नसतंच, पायऱ्या असतात. जॅकार्डचा पत्ता भोक असेल तर दोरा उचलतो, नसेल तर नाही. त्यामुळं मोराची मानसुद्धा जिना उतरल्यासारखी खाली येते. मला त्या चादरी आवडतात, अजून पांघरते. पण लहानपणापासून डोळ्यांना काटकोनाचीच सवय झालेल्या मुलीनं मुंबईला शिकायला गेल्यावर ग्रंथालयात पहिल्यांदा ते फ्रेंच फर्निचर पाहिलं, तेव्हा तिला काय झालं असेल हे मामांना सांगून पटणारं नव्हतं. तहानलेल्यानं पाणी बघावं तसं झालं होतं. आणि त्या फर्निचरला मी प्रत्यक्षात हात लावलेला नाही, सगळं पुस्तकांत आणि पडद्यावर पाहिलेलं, हेही खरं. मामांनी मोबाइलवर तो पलंगाचा कोपरा शोधला, तसा मी कधीच शोधला नव्हता.

"हातानंच करायचंय म्हणतीस. का?" मामांनी रंधा थांबवून विचारलं.

"म्हणजे काय? हातानं केलेल्यात..."

"जीव असतो," मामांनी माझं वाक्य चिडवल्यासारखं पुरं केलं. "मला नको सांगू. माझी बोटं बघ. दारावरचा गणपती मी चार दिस कोरायचो. आता एमआयडीसीत सीएनसी हाय. फळी देऊन यायचं, चहा पिऊन यायचं, गणपती तयार. माझ्यापेक्षा सोंड सारखी. मी बी तिकडंच देतोय."

मला हे माहीत नव्हतं. दोन दारं भिंतीला टेकलेली होती, सागवानी, गणपतीची. मी त्यांना मघापासून मनातल्या मनात 'अस्सल' म्हणत होते.

"वाईट नाही वाटत?"

"मान मोडून कोरायला कुणाला हौस हाय? गिऱ्हाइकाला गणपती पायजे. त्यानं कुठं म्हणलं की माझं बोट कापलेलं पायजे?"

गिरण्यांच्या गावात हा वाद काही नवा नाही. हातमाग की यंत्रमाग यावर इथं घराघरांत बोलून झालेलं आहे, आणि ज्यानं हातमाग चालवला तो सहसा हातमागाच्या बाजूनं बोलत नाही. हातानं केलेल्या वस्तूचं कौतुक मी करत होते. मामांना फक्त काम वेळेत उरकायचं होतं. मला त्यांचं म्हणणं तेव्हा खुपलं. आज तेवढं खुपत नाही.

तरी मी हट्ट सोडला नाही. "बरं, कापायचं नसेल तर वाकवू. वाफेवर."

व्हिएन्नाच्या थोनेटची 1859 सालची 14 नंबरची खुर्ची मामांनी पाहिलेली होती, नाव माहीत नसताना. मुंबईच्या इराणी हॉटेलांतली ती गोल दांड्यांची काळी खुर्ची याच कुळातली. सहा लाकडी तुकडे, दहा स्क्रू, दोन नट. बीचचा दांडा वाफवून मऊ करायचा आणि साच्यावर वाकवायचा. पण खरी युक्ती वाफेत नाही. वाकवताना दांड्याची बाहेरची कड ताणली जाते आणि तिथंच फाटते. थोनेटनं बाहेरच्या अंगाला लोखंडी पट्टी घट्ट बांधली. पट्टी कडेला लांबू देत नाही, मग सगळं वाकणं आतल्या अंगाला दाबलं जाऊन होतं.

"बराबर," मामा म्हणाले. "लाकूड दाबून घेतं, ताणून घेत न्हाई. चाकाला धाव चढवत्यात ती कशापायी? तापवून चढवायची, गार झाली की आवळती. सगळे आरे दाबात. दाबात हायत तवर गाडी चालती."

"मग करू या? इथं प्रत्येक रंगाईखान्यात बॉयलर आहे."

"बॉयलर हाय. त्या झाडाचं लाकूड कुठाय? वाळून खडखडीत झालेल्या सागाला कितीबी वाफ दे, ते वाकायचं न्हाई, चिडंल. आन् बांधून ठेवलेलं वाकडं सोलापूरच्या उन्हात आपल्या जागी परत जातंय हळूहळू. तुझा तो स्टूल इसरलीस?"

नाही विसरले. मुंबईत पावसाळ्यात मी स्वतःच्या हातानं एक स्टूल केला होता, मामांना दाखवायचा म्हणून मे महिन्यात घेऊन आले. तिसऱ्या रात्री फटाका वाजावा तसा आवाज झाला आणि बैठकीला एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चीर गेली. दमट हवेत फुगलेलं लाकूड इथं सुकून आकसलं, आणि मी त्याला चारी बाजूंनी गोंदानं जखडून टाकलं होतं. आकसायला जागाच ठेवली नव्हती. मामांनी चिरेवर आडव्या दोन डमरूच्या आकाराच्या पाचरी बसवून दिल्या. तो स्टूल अजून आहे. पुढं मला कळलं की जॉर्ज नाकाशिमा नावाचा मोठा अमेरिकी कारागीर नेमक्या अशाच पाचरी मुद्दाम दिसतील अशा बसवायचा. चीर लपवायची नाही, झाडाची वाकडी कड तशीच ठेवायची. हा माणूस 1930 च्या दशकाच्या शेवटी पाँडिचेरीच्या अरविंद आश्रमात इमारत बांधायला होता, आणि 1964 साली अहमदाबादच्या एनआयडी या डिझाइनच्या संस्थेसाठीही त्यानं फर्निचर आखलं. मामांना हे सांगितलं तर म्हणाले, "उंबऱ्याला आपण तेच करतोय की."

साग इथला नाहीच. या जिल्ह्यात तेवढा पाऊस नाही. तो यायचा दांडेलीकडून, नाहीतर पार बल्लारपूर-आलापल्लीकडून. 2023 मध्ये अयोध्येच्या मंदिराच्या दारांसाठी बल्लारपूरचं सागवान गेलं, ते मामांनी टीव्हीवर बघितलं आणि आठवडाभर त्याच्या व्यासाबद्दल बोलत होते. सरळ, लांब, गाठ नसलेलं लाकूड. त्यांच्या सगळ्या कारागिरीची मांडणीच त्या सरळपणावर उभी आहे.

मग इथलं लाकूड कुठलं? हा प्रश्न मी विचारला नव्हता. मामींनी विचारला, चहा देता देता, आणि तोही मला नाही. "तुमच्या वडलांनी नांगर कशाचे केले ओ? सागाचे?"

मामा काही बोलले नाहीत. उठले, शिडी लावली आणि माळ्यावर गेले. बरीच धूळ खाली आली. मग एक लाकूड दोरानं खाली सोडलं.

तो नांगर होता. फाळ नव्हता, रुमणं मोडलेलं होतं, हळसही निघालेली. राहिलं होतं ते फक्त मधलं वाकडं लाकूड. काळं पडलेलं, हात फिरून फिरून गुळगुळीत झालेलं. खालचं टोक जमिनीत घुसायला पुढं आलेलं, तिथून एक वळण घेऊन वर उभं राहिलेलं. मी त्या वळणावर हात फिरवला. माझ्या कागदावरच्या रेषेत आणि या रेषेत फार तर दोन बोटांचा फरक होता.

"हे कसं वाकवलं?"

"वाकवलं न्हाई. आसंच उगवलं. बाभळ. माझा बाप रानात निघाला की बघत बघत चालायचा. हितली फांदी चार वर्सांनी नांगराची हुईल, ही कुळवाची हुईल. झाडमालकाला सांगून ठेवायचा, तोडू नका म्हणून. वळणातनं नस सगळी सलग गेलीया. बैल दगडाला अडला तरी हे मोडत न्हाई." मामांनी अंगठा टेकवला, मघाशी कागदावर टेकवला तसा. "हितं मोडत न्हाई."

लक्ष्मणराव किर्लोस्करांचा लोखंडी नांगर 1903 चा. तो हळूहळू रानोमाळ पोचला, मागून ट्रॅक्टर आले, आणि वाकडी बाभळ शोधणारा डोळा बिनकामाचा झाला. वाड्यातल्या सुरूच्या खांबांचे फोटो पुस्तकांत छापले जातात, संग्रहालयांत लागतात. नांगर करणाऱ्या सुताराला कुणी कलाकार म्हटलं नाही. मी सुद्धा म्हटलं नव्हतं. दुकानात येऊन पॅरिस, नान्सी, तुरिन सगळं सांगून झालं, आणि वर माळ्यावर काय आहे ते मामींना आठवलं.

"म्हणजे मी म्हणत होते ते बरोबरच होतं," मी म्हणाले. "भार आणि आकार एकाच रेषेत असू शकतात."

"झाडात असू शकत्यात. फळीत न्हाई. आन् तू फळी आणली व्हतीस."

पण मामांचाही नियम त्या नांगरानं मोडला होता, आणि ते त्यांना कळलं होतं. भार एकीकडं, नक्षी एकीकडं, असं त्यात काहीच नव्हतं. ते मान्य करायची त्यांची रीत म्हणजे दुसऱ्या दिवशी सकाळी सातला स्कूटर काढून मला वखारीत नेणं.

जळाऊ लाकडाची वखार होती ती. आरायंत्र मागं, पुढं बाभळीचे, लिंबाचे ओंडके रचलेले. सरळ ओंडके वर, वाकडे खाली, कारण वाकड्यांना गिऱ्हाईक नाही. ते फोडून जाळायलाच जातात. मामा ढिगाभोवती दोनदा फिरले. एका लाकडापाशी उकिडवे बसले. बोटाच्या पेरानं ठोकलं, कान लावला. खिशातून छोटी पटाशी काढून साल उचलली. खाली पांढरट थर, आणि त्याच्या आत विटेसारखा तांबूस गाभा.

"पांढऱ्यात भुंगा पडतो. तांबड्यात न्हाई. पांढरं समदं काढायचं."

पण हे लाकूड खुर्चीचं नव्हतं. ते चांगलं साडेपाच-सहा फूट लांब होतं, आणि त्याला एकच सलग, ऐसपैस वळण होतं, कूस बदललेल्या माणसासारखं. मी म्हणाले, फार मोठं आहे. मामा म्हणाले, खुर्ची विसर. खडूनं त्यांनी ओंडक्याच्या पाठीवर मधोमध एक रेघ ओढली, वळणाबरोबर वळत जाणारी.

"हितनं मधनं चिरायचं. दोन अर्ध्या. एक डावी, एक उजवी, आरशात बघितल्यागत. दोन टोकाला दोन उभ्या केल्या, मधे सरळ सागाची बैठक. दोघं-तिघं बसत्यात. तुझी वेल दोन्ही अंगानं वर चढती, माझी फळी सरळ ऱ्हाती."

वखारवाल्यानं वजन करून जळणाच्या भावानं पैसे लावले. मी हसले, तर मामांनी विचारलं काय झालं. मी त्यांना चंदीगडच्या खुर्च्यांची गोष्ट सांगितली. पिएर जानरेनं सरकारी कचेऱ्यांसाठी आखलेल्या सागाच्या आणि वेताच्या साध्या खुर्च्या. जुन्या झाल्या म्हणून भंगारात काढल्या, आणि मग त्याच परदेशात लिलावात लाखो रुपयांना गेल्या. तसंच इंदूरच्या यशवंतराव होळकरांचा माणिकबाग राजवाडा: 1930 च्या दशकात एकार्ट मुथेसिउसनं आखला, युरोपातल्या एकाहून एक कारागिरांचं फर्निचर आत आलं, आणि 1980 साली त्यातलं कितीतरी मोनॅकोत लिलावात निघालं.

"म्हंजे बसायला एक भाव, न बसायला दुसरा," मामा म्हणाले.

"एम. एफ. हुसेन तर आपल्या पंढरपूरचे. चित्रकार म्हणून नाव व्हायच्या आधी मुंबईत मुलांच्या खोलीचं फर्निचर आणि लाकडी खेळणी आखायचे."

"पोरांचं बरं असतंय. मोडलं तरी पोरगं जिमिनीपासून हातभरच."

पुण्याच्या बाईंना मी फोन केला. खुर्ची नाही, बाक होईल, आणि सहा महिने नाही, वर्ष लागेल. बाभळीचं ओलं लाकूड पाण्यात मुरवायचं, म्हणजे त्यातला गोडवा निघून जातो आणि कीड लागत नाही; मग काढून सावलीत वाळवायचं, मग चिरायचं. त्यांनी विचारलं, बाभूळ म्हणजे ती काट्यांचीच ना? मी हो म्हणाले. थोडा वेळ गेला. मग म्हणाल्या, बरं.

आमचं भांडण मिटलेलं नाही. मला दोन्ही टोकांना अर्धवट उमललेली कळी कोरायची आहे. मामांचं म्हणणं, टोक जिथं संपतं तिथं संपू दे, आणि एवढीच हौस असेल तर बैठकीच्या खाली मधोमध एक केळफूल लावू, लोंबतं; तिथं भार नाही. मला केळफूल नको आहे. बैठकीखाली ते दिसणार कुणाला? मामा म्हणतात, पुसायला वाकेल तिला दिसेल.

मोहोळच्या रस्त्याला मामींच्या भावाचं शेत आहे. विहिरीत एप्रिलअखेरीला पुरुषभर पाणी असतं. ओंडका टेम्पोतून तिथं नेला, दोन्ही टोकांना दोर बांधले, एका दोराला दगड लावला आणि तिघांनी मिळून तो हळूहळू आत सोडला. शेजारच्या रानातले एक आजोबा काठीवर हनुवटी टेकवून बघत उभे होते. ओंडका पाण्याला लागला, एकदा कुशीवर वळला आणि खाली गेला.

"काय करायलाव ओ याचं?" आजोबांनी विचारलं.

"बाक," मामा दोर बांधता बांधता म्हणाले.

आजोबांनी विहिरीत डोकावून बघितलं.

"त्यो तर हाय की त्याला आधीच."